रकान्यात नेमके काय भरायचे?

टेबलावर बसून अर्ज तपासण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली. रकान्यापुढे ‘तारीख’ एवढाच शब्द छापलेला असला की एकजण जन्मतारीख लिहितो, दुसरा अर्जाची लिहितो आणि तिसरा कोरे सोडतो. आम्ही अर्जदाराला वेड्यात काढतो. रकाना कोणी छापला, हे मात्र कोणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात शेजारची मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली. एका खाजगी ठिकाणी ती उमेदवारीवर डिझाइनचे काम करते. म्हणाली, “काका, तुम्ही लोकांचे अर्ज लिहून देता. हे जरा वाचून बघा ना, मशीनला कळत नाही.”

मशीन म्हणजे एआय एजंट. आपण साध्या भाषेत सांगायचे आणि त्याने फिग्मासारख्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः हात चालवायचा. त्यासाठी त्याला ‘टूल’ द्यावी लागतात: एक हलवण्याचे, एक रंगाचे, एक पुसण्याचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली, तेव्हापासून ही जोडणी सोपी झाली आहे. पण एजंटला टूलच्या आतली यंत्रणा दिसत नाही. त्याला टूलचे नाव, वर्णन आणि भरायचे रकाने एवढेच दिसते. नव्या कारकुनाला कपाटाबाहेरची चिठ्ठी तेवढी वाचायला मिळावी, तसे.

तिच्या चिठ्ठीवर लिहिले होते: ‘वस्तू हलवते.’ रकाने दोन, एक्स आणि वाय. “मथळा वीस घर उजवीकडे घे,” असे सांगितल्यावर एजंटने एक्समध्ये २० भरले आणि मथळा थेट डाव्या कडेला जाऊन बसला. कारण ते टूल वस्तू ‘वीसने’ हलवत नव्हते, ‘वीसवर’ नेऊन ठेवत होते. शिवाय फिग्मात हे आकडे वस्तू ज्या फ्रेममध्ये आहे तिच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजतात, आणि वाय वाढला की वस्तू खाली जाते. शाळेतल्या आलेखात नेमके उलटे शिकवतात! यातले एक अक्षर वर्णनात नव्हते.

रंगाचेही तसेच. वेबवाले लोक लाल, हिरवा, निळा यांचे आकडे ० ते २५५ मोजतात. फिग्माच्या प्लगिनला ते ० ते १ मध्ये लागतात. एजंटने २५५ लिहिले तर प्लगिन निदान कुरकुरते तरी. ब्लेंडरमध्ये त्याहून वाईट. तिथे पायथनमधून वस्तू फिरवताना कोन रेडियनमध्ये द्यावा लागतो. काटकोन म्हणून ९० लिहाल तर वस्तू चौदाहून जास्त फेऱ्या मारून भलत्याच कोनात उभी राहते, आणि चूक झाली असे कोणी सांगतही नाही. द्यायला हवे होते सुमारे १.५७. माझ्या मते एकक न लिहिणे हा या कामातला सर्वांत महाग आळस आहे.

त्या मुलीला तो महाग पडलाच, पण वेगळ्या जागी. ‘डिलीट: वस्तू काढते,’ एवढ्या वर्णनावर तिने रिकामी चौकट काढायला सांगितली. एजंटने बाहेरची फ्रेम काढली आणि तिच्या पोटातला सगळा मजकूरही गेला. हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले. जुनी प्रत परत मिळाली, पण नंतरच्या दुरुस्त्या रात्री बसून पुन्हा कराव्या लागल्या, आणि साहेबांची बोलणी खावी लागली ती वेगळीच. उमेदवारीत असताना हे परवडणारे नाही.

मार्च २०२५ च्या आवृत्तीत ‘हे टूल फक्त वाचते’, ‘हे टूल नासधूस करू शकते’ अशा खुणा लावायची सोय आली आहे. पण त्या नुसत्या सूचना आहेत, त्यांनी कुलूप लागत नाही. म्हणून वर्णनातच स्पष्ट लिहावे.

आम्ही दोघे चहा घेत बसलो आणि एकेक चिठ्ठी नव्याने लिहिली. ‘वस्तू दिलेल्या जागी नेऊन ठेवते. किती अंतर सरकवायचे ते इथे देऊ नका. जागा फ्रेमच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून पिक्सेलमध्ये द्या. आधीची जागा माहीत नसेल तर प्रथम माहिती वाचण्याचे टूल वापरा.’ मजकूर बदलण्याच्या टूलला ‘फॉन्ट आधी लोड झालेला असावा’ ही अट जोडली. ‘एरर’ एवढाच निरोप देणाऱ्या जागी ‘फॉन्ट लोड नाही, आधी तो लोड करा’ असे घातले, म्हणजे एजंट पुढचे पाऊल स्वतः उचलतो. नाव बदलण्याची दोन सारखी टूल होती, त्यांतले एक काढूनच टाकले. मी उत्साहात एक वर्णन पानभर केले, तेव्हा तिने मला थांबवले. “काका, तो हे सगळे दरवेळी वाचतो. शासन निर्णय नको.”

पुन्हा सांगितले, मथळा वीस घर उजवीकडे घे. एजंटने आधी जागा वाचली, ती १४० निघाली, आणि १६० वर ठेवला. ‘डिलीट’च्या वर्णनाचा सध्या तिसरा खर्डा चालू आहे.