हवेचा रेडी रेकनर

मंडळी, आज विषय जरा कोरडा आहे. पण आकडे लाख कोटींतले आहेत, तेव्हा चहा घेऊन बसा.

जून 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं रेल्वेला 700 मेगाहर्ट्झ बँडमधला 5 मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम दिला. लिलाव वगैरे काही नाही. गाड्यांचे सिग्नल आणि सुरक्षेसाठी, सरकारी सूत्रानं ठरलेल्या फीवर. आता सांगा, सरकारनं स्वतःकडेच ठेवलेल्या या तुकड्याची किंमत किती?

कॅल्क्युलेटर काढू. 2016 च्या लिलावात या बँडची राखीव किंमत देशभरासाठी मेगाहर्ट्झला 11,485 कोटी रुपये होती. गुणिले पाच, म्हणजे 57,425 कोटी. मार्च 2021 च्या लिलावात ती 6,568 कोटी झाली, म्हणजे 32,840 कोटी. 2022 मध्ये 3,927 कोटी, म्हणजे 19,635 कोटी. तीच हवा, तेच 5 मेगाहर्ट्झ, आणि सहा वर्षांत किंमत जेमतेम एक तृतीयांश! यातल्या पहिल्या दोन दरांना एकानंही बोली लावली नव्हती, हे वेगळंच.

फ्लॅट घेतलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. रेडी रेकनर म्हणजे सरकारला वाटणारा भाव, बाजारातला नव्हे. आणि बाजारातला भाव घेतला तरी शेजारचा फ्लॅट एक कोटीला गेला म्हणून सोसायटीतले चारशेच्या चारशे फ्लॅट त्याच महिन्यात त्याच भावानं जात नाहीत. हे आपल्याला घराबाबत कळतं, स्पेक्ट्रमबाबत मात्र आपण थेट गुणाकार करून मोकळे होतो.

2010 च्या कॅग अहवालाचं हेच झालं. 2008 मध्ये 122 टूजी लायसन्स 2001 च्या दरानं वाटली गेली, ती वाईटच गोष्ट होती. कोर्टकचेरीचा भाग मी बाजूला ठेवतो, बोलतोय फक्त आकड्याबद्दल. कॅगनं वेगवेगळ्या पद्धतींनी हिशेब मांडला होता, साधारण 57,666 कोटींपासून 1,76,645 कोटींपर्यंत. सगळ्यात मोठा आकडा 2010 च्या थ्रीजी लिलावाच्या दरावरून काढलेला. आपण लक्षात काय ठेवलं? फक्त तो. मग जानेवारी 2011 मध्ये कपिल सिब्बल मंत्री म्हणून म्हणाले, तोटा शून्य! एकाला सगळ्यात मोठा आकडा हवा होता, दुसऱ्याला सगळ्यात छोटा. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती लायसन्स रद्द केली आणि नोव्हेंबरात टूजीचा लिलाव झाला. मिळाले सुमारे 9,400 कोटी. दिल्ली-मुंबईला तर बोलीच नाही. तोवर कंपन्या कर्जात होत्या, बाजार बदलला होता, सगळं मान्य. पण माझा मुद्दा तोच आहे. किंमत हवेत नसते, ती काळावर आणि वापरावर ठरते.

आणि स्पेक्ट्रम साठवता येत नाही. एसटीची सीट रिकामी गेली की त्या फेरीचं तिकीट उद्या विकता येत नाही, तसंच हे. 700 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात, कमी टॉवरमध्ये जास्त भाग झाकतात. असा बँड 2016 ते 2022 विक्रीविना पडून राहिला. त्या सहा वर्षांत गावागावात जे नेटवर्क उभं राहू शकलं असतं त्याचा तोटा कुठल्या अहवालात आलाय? भाव पाडून विकला की घोटाळा, आणि चढ्या भावापायी कुजवला की काटकसर! वा रे हिशेब.

आता 2023 ची गंमत बघा. बीएसएनएलच्या पॅकेजमध्ये 700 बँडच्या स्पेक्ट्रमसाठी 46,338.60 कोटी रुपये दाखवले. 2022 मध्ये जिओनं याच बँडचे देशभरातले 10 मेगाहर्ट्झ 39,270 कोटींना घेतले होते. त्यावर 18 टक्के जीएसटी लावून बघा, पैशापर्यंत तोच आकडा येतो. म्हणजे सरकारनं स्वतःच्या कंपनीला भांडवल म्हणून स्पेक्ट्रम दिला आणि त्याच्या किमतीत स्वतःचाच कर धरला. या खिशातून त्या खिशात. यातून त्या स्पेक्ट्रमचं मोल कळलं का? मला तरी नाही.

मग मोजायचं कसं? प्रश्न उलटा विचारायचा. रेल्वेकडून हे 5 मेगाहर्ट्झ काढून घेतले, तर तेच काम दुसऱ्या बँडवर किंवा जादा टॉवर लावून करायला किती खर्च येईल? आणि तेच मोबाइल कंपनीला दिले, तर तिचे किती टॉवर वाचतील? दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. पहिलं मोठं असेल तर स्पेक्ट्रम रेल्वेकडेच राहू द्या, आणि माझा अंदाज आहे की कवचसारख्या सुरक्षा यंत्रणेसाठी ते बरंच मोठं निघेल. पण अंदाज नको, आकडा हवा. ब्रिटनमध्ये संरक्षण मंत्रालयालासुद्धा स्पेक्ट्रमची फी भरावी लागते, ती याच विचारातून. फुकट मिळालेली जागा कुणी रिकामी करत नाही, सरकारी खातं तर नाहीच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सैन्य, रेल्वे, दूरदर्शन, कुणाकडे किती मेगाहर्ट्झ आहेत, त्यातले वापरात किती आणि ते सोडायचे झाले तर पर्यायी खर्च किती, हे दर वर्षी बजेटबरोबर छापा. सैन्याचा गोपनीय तपशील वगळा, एकूण आकडा तरी द्या.

हे झालं नाही तर पुढच्या लिलावानंतर आपण पुन्हा तेच करणार. कमी पैसे आले तर 'लुटलं', जास्त आले तर 'विक्रम'. आणि लिफ्टमध्ये कॉल कट झाला की शिव्या मात्र कंपनीला.

असो. चहा गार झाला असेल.