उपद्रव रोपवाटिकेतून येतो

बाग राखणाऱ्या कुणालाही नावडत्या गोष्टी विचारल्या, तर यादी तोंडपाठ असते. मिलीबग, मावा, लिंबाची पाने फस्त करणाऱ्या अळ्या, गोगलगाय, गाजरगवत, कुंडीत न लावता उगवणारा आघाडा आणि रोज सकाळी पुन्हा हजर होणारा पालापाचोळा. शहरांतल्या गृहनिर्माण संस्थांची बागकामाची कंत्राटे याच यादीवर उभी आहेत. ठरल्या दिवशी फवारणी, रोजची झाडलोट, महिन्याची छाटणी, आणि उरलेल्या जागेत लॉन. या यादीतली एकही तक्रार खोटी नाही. मिलीबग लागलेली जास्वंद ज्याने पाहिली आहे, त्याला मिलीबगचे गोडवे गायला सांगणे हा निव्वळ आगाऊपणा ठरेल. तरीही ही यादी बऱ्याच अंशी उलटी आहे. उडत, सरपटत किंवा वाऱ्याबरोबर आलेल्या आगंतुकांवर आपण डूख धरतो. आणि ज्यांनी बागेचे, शेताचे, नदीचे कायमचे नुकसान केले, ते बहुतेक पाहुणे मात्र शोभेसाठी, हौसेने, पैसे मोजून आत आणलेले असतात.

पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर पसरलेली घाणेरी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती भारतात आली ती कुंपणाला रंगीत फुलांची शोभा म्हणून. इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा आणि उजनीचे पाणी झाकून टाकणारी जलपर्णी त्याच शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली, तीही तिच्या जांभळ्या फुलांसाठी. आज महापालिका दरवर्षी यंत्रे लावून ती काढतात आणि दरवर्षी ती परत येते. शंखी गोगलगायीची कथा तर अधिकच बोलकी. मूळची पूर्व आफ्रिकेतली ही गोगलगाय 1847 मध्ये विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून जिवंत आणली आणि ती कोलकात्यातल्या एका बागेत सुटली. तिथून पावणेदोनशे वर्षांनी, 2022 च्या खरिपात, लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे जमिनीलगत कुरतडली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली आणि गोगलगायीमुळे झालेल्या नुकसानीची मदत सरकारला जाहीर करावी लागली. गाजरगवत हा यातला ठळक अपवाद. 1955 च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली, पण ते कुणी हौसेने लावलेले नव्हते.

हा इतिहास झाला म्हणून सोडून देता येत नाही, कारण तीच चूक आजही रांगेने लावली जाते आहे. रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या उतारांवर पिवळ्या फुलांची जी दाट, चकचकीत पानांची जमिनीसरपट वनस्पती दिसते, ती वेडेलिया. माळी तिच्यावर खूश असतात, कारण तिला मशागत लागत नाही. तिच्या खोडाचा प्रत्येक सांधा जमिनीला टेकला की मूळ धरतो. छाटणीचा कचरा नाल्याकाठी टाकला, की तिथे नवी वसाहत सुरू. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेशी निगडित तज्ज्ञांनी जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जीवांची यादी केली, तिच्यात वेडेलिया आहे, घाणेरी आहे, जलपर्णी आहे आणि शंखी गोगलगायही आहे. यातल्या एकीला आपण मीठ टाकून मारतो आणि दुसरीला ठिबक सिंचन देतो. कोनोकार्पस या झाडाचेही तसेच. झटपट वाढतो, बारमाही हिरवा राहतो, भिंतीसारखा छाटता येतो, म्हणून बांधकाम व्यावसायिकांचा तो लाडका. त्याच्या परागकणांविषयीच्या आणि जलवाहिन्यांत शिरणाऱ्या मुळांविषयीच्या तक्रारी वाढल्यावर तेलंगणाने 2022 मध्ये आणि गुजरातने 2023 मध्ये त्याची लागवड थांबवली. आपल्याकडे मात्र अनेक संकुलांच्या कुंपणालगत तो अजून ऐटीत उभा आहे.

आता ज्यांचा राग येतो त्यांच्याकडे वळू. कुंडीतल्या लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो. तो हलतो तेव्हा कळते की ती अळी आहे. काही दिवसांत ती हिरवीगार होते, डोक्यामागे डोळ्यांसारख्या खुणा उमटतात, आणि डिवचली की मानेतून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. बहुतेक घरांत तिचा शेवट चपलेखाली होतो. लिंबावर आणि त्याच्या भाऊबंदांवर वाढणाऱ्या या कुळातलेच एक फुलपाखरू, ब्लू मॉर्मन, महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले. देशात राज्य फुलपाखरू ठरवणारे आपण पहिले. त्याचे नीलवंत हे नाव आपण कौतुकाने घेतो, शाळेत चित्रे रंगवायला देतो आणि त्याच्या बाळांना औषध मारतो. पानाला पडलेले भोक हे बाग जिवंत असल्याचे लक्षण आहे, एवढे मान्य केले तरी निम्म्या फवारण्या आपोआप थांबतील.

मिलीबगच्या बाबतीत हा घोटाळा आणखी बारीक आहे. जास्वंदीच्या शेंड्याशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की आपण ब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन बसतो. ते ठीकच. पण त्या पुंजक्यांत कधीकधी एखादा पांढरा किडा इतरांहून बराच मोठा असतो, त्याच्या अंगावरचे मेणाचे धागे लांब आणि विस्कटलेले असतात, आणि हात लागताच तो लगबगीने चालू लागतो. तो मिलीबग नसतो. ती मिलीबग खाणाऱ्या ढालकिड्याची अळी असते. क्रिप्टोलीमस हा असाच एक ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये तो भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागायतदार त्याच्या अळ्या व भुंगे विकत घेऊन बागेत सोडतात. नाशिक-सांगलीकडे ज्यासाठी पैसे मोजतात, ते गच्चीवर फुकट आलेले असताना आपण नळाखाली धुऊन टाकतो. सरसकट मारलेल्या औषधानेही आधी मरतात ते हेच, कारण मिलीबग मेणाच्या आवरणात आणि सालीच्या भेगांत सुरक्षित असतो. पपईवरच्या मिलीबगचे उदाहरण इथे निर्णायक वाटते. 2008 मध्ये तो कोइम्बतूर भागात आढळला आणि पुढच्या दोन वर्षांत पपई, तुती, जास्वंद, काही सोडले नाही. रसायनांनी तो हटला नाही. 2010 मध्ये प्युर्टो रिकोहून त्याच्यावर जगणारी इवलीशी परजीवी गांधीलमाशी आणून सोडली, तेव्हा तो आटोक्यात आला.

यावर पहिला आक्षेप येईल तो परकेपणाचा. परदेशी झाडांवर एवढा राग, तर मिरची, टोमॅटो, पेरू, बटाटा आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही बाहेरचाच की! शिवाय वर कौतुक केलेला ढालकिडा आणि गांधीलमाशी तरी कुठल्या आपल्या गावच्या? आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच जन्मगाव हा निकष धरू नये. झेंडू वाफ्याबाहेर पडून जंगल गिळत नाही, वेडेलिया गिळते. विचारायचा प्रश्न एवढाच की हे झाड माळ्याची पाठ फिरल्यावर कुठवर जाते. परजीवी कीटकही उगाच सोडले जात नाहीत. त्यांचे भक्ष्य ठरलेले आहे, इतर कशाला ते तोंड लावत नाहीत, हे विलगीकरणात तपासूनच परवानगी मिळते. रोपवाटिकेतल्या कुंडीला अशी कुठलीच परीक्षा नसते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: दोन फुटी लिंबावर आठ अळ्या बसल्या तर झाड बोडके होते, तेव्हा भूतदया कुठवर? तिथे अळ्या उचलून कढीपत्त्याच्या मोठ्या झाडावर सोडाव्यात, किंवा काही काढून टाकाव्यात. सहनशीलता म्हणजे बाग वाऱ्यावर सोडणे नव्हे. शंखी गोगलगायीला तर दयामाया नकोच. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी पसरून, सकाळी हातमोजे घालून त्या वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. मीठ मात्र वाफ्यात टाकू नये, गोगलगायीबरोबर मातीही जाते.

पालापाचोळ्याची भीती सापाशी आणि डासांशी जोडलेली असते. सापाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, विशेषतः जिथे मुले खेळतात तिथे. म्हणून पाला दाराशी, पायवाटेवर साचू देऊ नये. पण तो एका कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यात कुजवता येतो किंवा पातळ थराने झाडांच्या बुंध्याभोवती पसरता येतो. जाळायला तर कायद्यानेच मनाई आहे. डासांचे म्हणाल, तर डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ते पाणी कोरड्या पाल्याच्या ढिगात नसते. ते कुंडीखालच्या ताटलीत, मनीप्लांटच्या बाटलीत आणि उद्घाटनानंतर बंद पडलेल्या कारंज्यात असते. ही तिन्ही शोभेची साधने. म्हणजे पुन्हा तेच.

आणि लॉन. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले, तर शंभर चौरस मीटरच्या लॉनला रोज पाचशे लिटर पाणी लागते, आणि ज्या सोसायट्या एप्रिलमध्ये टँकर मागवतात त्याच ते पाजतात. मुलांना लोळायला हिरवळ हवी हे कबूल; पण ‘लॉनवर पाय ठेवू नये’ अशी पाटी लावलेल्या लॉनला तरी हा युक्तिवाद लागू होत नाही. उरलेली जमीन पेव्हर ब्लॉकखाली जाते, अगदी झाडाच्या बुंध्यापर्यंत. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीत झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्याकडच्या गुलमोहरांना पावसाळ्यात आडवे होताना पाहून दोष मात्र वाऱ्याला दिला जातो.

पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांत झुंबड उडते. नेमक्या त्याच दिवसांत कुंडीच्या मातीतून गोगलगायीची अंडी घरी येतात, पानांमागून मिलीबग येतो आणि ‘काहीच करावे लागत नाही, आपोआप वाढते’ अशी शिफारस असलेली रोपे येतात. त्या शिफारशीपाशीच थांबून चौकशी करावी. कुंडी उलटी करून मुळांजवळची माती पाहावी, नवे रोप दोन-तीन आठवडे इतरांपासून वेगळे ठेवावे. महापालिकांच्या उद्यान विभागांनी आपल्याच दुभाजकांवरची वेडेलिया आणि कोनोकार्पस खरेदीच्या यादीतून काढले, तर खासगी रोपवाटिका फार दिवस मागे राहणार नाहीत, कारण त्यांचे मोठे गिऱ्हाईक हे विभागच आहेत. आणि सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत बागेचे कंत्राट नूतनीकरणाला येईल, तेव्हा ‘दर पंधरवड्याला फवारणी’ हे कलम खोडून तिथे ‘दर आठवड्याला पानामागची पाहणी, गरज असेल तरच निंबोळी अर्क’ असे लिहून घ्यावे. माळ्याचा पगार त्याने कमी होऊ नये. पाहणीला फवारणीपेक्षा जास्त वेळ लागतो.