दिसतंय ना, मग झालं!

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये लिहितेय, तेव्हा सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना एक सीडी सापडली. १९९८ साली मी दहावीच्या मुलांसाठी अलंकार आणि वृत्तं यांच्या टिपणांची पुस्तिका केली होती. गावातल्या एका डीटीपीवाल्याकडे बसून, शब्द न् शब्द तपासून घेतलेली. भाच्याने ती फाइल उघडली तर काय, 'अनुप्रास'च्या जागी इंग्रजी अक्षरं, चौकोन आणि डॉलरच्या चिन्हांची खिचडी!

कारण साधं आहे. त्या काळातल्या बहुतेक मराठी फॉन्टमध्ये फाइलीत मराठी अक्षर नसायचंच. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट गेला की मजकूरही गेला. "हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडेल ना हो?" असं मी तेव्हा विचारलंही होतं. उत्तर मिळालं, "बाई, छापील नीट दिसतंय ना? मग झालं!"

माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

त्याच संध्याकाळी भाच्याने, बहुधा माझं सांत्वन म्हणून, एक वेगळीच गोष्ट दाखवली. तो लिनक्सवाला. काळ्या पडद्यावर (त्याला टर्मिनल म्हणतात) त्याने 'मॅन' आणि पुढे एका आज्ञेचं नाव टाइप केलं. लगेच ठळक शीर्षकांखाली, नीट समास सोडून, त्या आज्ञेची सगळी माहिती हजर. मॅन म्हणजे मॅन्युअल, माहितीपुस्तिका. मग त्याने तीच फाइल कच्ची उघडली आणि मी खुर्चीत सरसावून बसले.

आत सगळा साधा मजकूर. अधूनमधून ओळीच्या सुरुवातीला एक टिंब आणि दोन अक्षरं. टिंब 'टीएच' म्हणजे पानाचं नाव, टिंब 'एसएच' म्हणजे शीर्षक, टिंब 'पीपी' म्हणजे नवा परिच्छेद. ओळ किती रुंद असावी हे फाइलीत नाहीच, ते दाखवताना ठरतं. ग्रॉफ नावाचा प्रोग्रॅम त्या खुणा वाचतो, समोरच्या खिडकीत किती अक्षरं मावतात त्याप्रमाणे ओळी भरतो आणि 'लेस' नावाचा दुसरा प्रोग्रॅम ते पडदा-पडदा करून दाखवतो. खिडकी अरुंद करून पान पुन्हा मागवलं तर ओळी नव्याने भरल्या जातात.

ठळक अक्षराची जुनी युक्ती तर थेट आमच्या शाळेतल्या हेडक्लार्कची! अक्षर मारायचं, एक घर मागे यायचं, तेच अक्षर पुन्हा मारायचं. अधोरेखित करायचं तर आधी रेघ, मग मागे, मग अक्षर. ते टाइपरायटरवर करायचे, हे लोक टेलिटाइप यंत्रावर करायचे. 'लेस'ला ती खूण आजही कळते.

घराणं जुनं आहे. १९६४ मध्ये एमआयटीत जेरोम साल्टझर यांनी रनऑफ लिहिला. त्यावरून बेल लॅब्जमध्ये रॉफ आला, मग जो ओसाना यांचा एनरॉफ. टिंब एसएचच्या या खुणा १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतल्या. तेव्हाची पानं आजचा ग्रॉफही मांडून दाखवतो.

म्हणजे बघा, १९७९ चं पान आज वाचता येतं आणि त्यानंतर १९ वर्षांनी केलेली माझी टिपणं वाचता येत नाहीत! इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आधीच ठरलेले होते, हा त्यांचा फायदा कबूल. पण युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, आपलं इस्की मानकही त्याच वर्षीचं. आमच्याकडे त्याची गरज कुणाला वाटली नाही, कारण दिसत होतं ना!

भाचा म्हणतो, "आत्या, हे आता कोण वाचतं? लोक व्हिडिओ बघतात, नाहीतर एआयला विचारतात." विचारू देत की! पण मॅनचं पान यंत्रावर बसवलेल्या आज्ञेबरोबर, तिच्याच आवृत्तीचं येतं. पावसाळ्यात आमच्याकडे इंटरनेट दोन-दोन दिवस जातं, तेव्हा व्हिडिओ कुठे बघायचा?

त्याचा दुसरा टोमणा मात्र लागला. मी हौसेने दोन परिच्छेद मराठीत, खुणांसकट लिहून दिले. टर्मिनलवर जोडाक्षरं फुटली, उजवी कड वेडीवाकडी झाली. टर्मिनल म्हणजे चौकटीची वही, एका घरात एक अक्षर. 'क्षितिज' आपण तीन अक्षरी म्हणतो, संगणकाच्या लेखी ती सात चिन्हं. त्यांना घरं किती द्यायची यावर सगळ्या प्रोग्रॅमांचं एकमत नाही. इंग्रजीपुरता विचार करून आखलेल्या वहीची ही उणीव आहे आणि मी ती झाकणार नाही. पण माझी फाइल शाबूत आहे. उद्या टर्मिनल सुधारलं तर हेच परिच्छेद नीट दिसतील, मला काना-मात्राही बदलावा लागणार नाही. सीडीवरच्या फाइलीचं तसं नाही. फॉन्टचं नाव कळलं तर ती युनिकोडमध्ये आणता येते, पण ते सांगणार कोण? डीटीपीवाल्याचं दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली.

तुम्ही सगळ्यांनी काळा पडदा वापरावा असा माझा मुळीच आग्रह नाही. पण युनिकोडमध्ये लिहा. वर्डमध्ये शीर्षक नुसतं मोठं आणि ठळक करू नका, त्याला हेडिंगची स्टाइल लावा, म्हणजे ते शीर्षक आहे हे यंत्रालाही कळेल. आणि साध्या मजकुराची एक प्रत वेगळी ठेवा. शाळेत संगणकाच्या तासाला रंगीबेरंगी सजावटीला गुण देणाऱ्या शिक्षकांनो, निम्मे गुण तरी याला द्या! निबंध तपासताना आपण मुद्दे बघतो, समासातली वेलबुट्टी नाही.

असो. त्या पुस्तिकेची एक जीर्ण छापील प्रत माझ्या एका माजी विद्यार्थिनीकडे निघाली. तिच्यावरून सगळं पुन्हा टाइप करतेय, टिंब एसएचसकट. उपमा झाली, उत्प्रेक्षा चालू आहे.