भोंग्याला शिव्या देण्याआधी

ध्वनिप्रदूषणाचा विषय निघाला की आपण शहरी मंडळी पहिला दगड भोंग्याला मारतो. मला तरी हा नेम चुकलेला वाटतो.

आमच्या भोकरदन तालुक्यात, केदारखेड्यासारख्या गावात सप्ताह बसला की उंचावर कर्णे बांधतात. कर्णा म्हणजे आवाजाचा गिअरबॉक्स. आतला छोटासा पडदा थोडीच हवा, पण दाबून हलवतो. कर्ण्याचं तोंड रुंद होत जातं तसा तो दाब बाहेरच्या मोकळ्या हवेत नीट उतरतो. साध्या कोनाच्या स्पीकरमध्ये विजेचा जेमतेम १-२ टक्के भाग आवाज होतो, बाकीची नुसती उष्णता. कर्ण्यात हेच प्रमाण कितीतरी पट जास्त, म्हणून एका बॅटरीवर अख्खं गाव कीर्तन ऐकतं. शब्द न शब्द कळतो. पखवाजाचा 'धुम' तेवढा वाटेत गळतो.

(आणि ती 'कूंऽऽ' शिट्टी? तिच्यासाठी साउंडवाल्याला झापू नका. माईकच्या जाळीमागच्या फटींमुळे त्याला मागचं कमी ऐकू येतं. गाणारे स्टाईलमध्ये जाळीच मुठीत धरतात, फटी बुजतात आणि माईकला मागचा कर्णाही ऐकू यायला लागतो. मग काय, आवाज गोल गोल फिरत बसतो!)

खरा त्रास आहे तो डीजेच्या भिंतीचा. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते. ती कोपऱ्याकोपऱ्यातून वळते, खिडकी लावली तरी आत येते, छातीत धडधडते. आता गंमत बघा. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण मोजायची 'ए' वेटिंगने. हे वेटिंग कानाला हळू आवाज कसे ऐकू येतात त्यावरून ठरलेलं. त्यात ५० हर्ट्झला चक्क ३० डेसिबलची सूट मिळते! १००० हर्ट्झला शून्य. म्हणजे मीटर कीर्तनकाराचा आवाज पुरता मोजतो आणि भिंतीच्या बासकडे जवळपास काणाडोळा करतो.

'सी' वेटिंगमध्ये हीच सूट दीड डेसिबलच्याही आत आहे. बऱ्याच मीटरवर 'ए' आणि 'सी' दोन्ही असतात, नुसतं बटण दाबायचं. मिरवणुकीत पोलिसांनी दोन्ही आकडे लिहून घ्यावेत आणि नियमात 'सी'ची वेगळी मर्यादा यावी, एवढंच माझं म्हणणं. मग भोंग्यावर काय बंदी घालायची ती घाला, रात्री १० नंतर तर घालाच. आजारी म्हातारं माणूस घरात असलं की कीर्तनही नको होतं.