कपाटातलं रिव्हॉल्व्हर आणि आपला प्रमाद



कुठे पेढी लुटल्याची बातमी आली की आठ दिवस आपल्या मंडळात एकच चर्चा. "आता घरात एक रिव्हॉल्व्हर हवंच बाई. यांचं वय झालं, मुलं पुण्या-बंगळुरूला. असू दे कपाटात, धाक राहतो." मला आज या 'असू दे कपाटात'बद्दल बोलायचं आहे, आणि थोडं कडकच बोलायचं आहे.

लगेच कुणी म्हणेल, आपण जैन, आपल्याला शस्त्र वर्ज्यच. हे अर्धवट ज्ञान आहे. आपल्या शास्त्रांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. घरावर, शीलावर कुणी चालून आलं तर प्रतिकारात होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे आचार्यांनाही ठाऊक होतं. तेव्हा जिवाच्या भीतीने परवाना काढणाऱ्या बाईला मी पापी म्हणणार नाही.

पण तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या आठवा. तिथे हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलं आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, हयगय. दिवसाउजेडी जेवणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या आपण पालेभाजीचं पानन् पान उलटून बघतो. आणि त्याच घरात भरलेलं शस्त्र साड्यांच्या घडीखाली वर्षानुवर्षं न पाहता पडून राहतं! अनर्थदंडव्रतात आपण प्रमादचर्या आणि हिंसादान, दोन्हींचा त्याग करतो. नातवंडांच्या हाताला लागेल असं ठेवलेलं रिव्हॉल्व्हर या दोन्हींत बसतं.

हयगय काय करते ते १ ऑक्टोबर २०२४ ला सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतल्या घरी, पहाटे बाहेरगावी निघण्याच्या गडबडीत, त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. घरात ना चोर होता ना दरोडेखोर. दैवाने पायावर निभावलं. शेजारी एखादं लेकरू असतं तर?

आता देखभाल. दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं म्हणजे देखभाल झाली असं समजू नका. गॅसची नळी आपण मुदतीत बदलतो, कुकरची रिंग ताणून पाहतो, तसंच हेही यंत्र आहे. आधी काडतुसं काढायची, फिरत्या सिलिंडरची सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची आणि मगच हात लावायचा. नळीतून ब्रश फिरवायचा, जळलेल्या दारूची काजळी काढायची, कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. तेल जास्त झालं तर ते काडतुसात झिरपतं आणि ऐन वेळी बार उडत नाही. पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात ठेवलं तर चामडं ओल धरतं, लोखंडाला गंज चढतो. पर्समध्ये ठेवलं तर रुमालाचे धागे, पावडर, सुपारीचा भुगा सगळं यंत्रात जातं. हे सगळं नेमाने करणारी तुमच्यापैकी कोण आहे?

आणि सराव? कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवलं, त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत होती. तिच्यासमोर उजेडातलं, ठरलेल्या अंतरावरचं लक्ष्य होतं. आपल्यासमोर अंधार असेल, हात थरथरत असतील, चष्मा उशाशी चाचपडावा लागेल आणि मधल्या दारात आपलाच माणूस उभा असेल. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे, पण एकदा शिकलेलं हात विसरतो. घराच्या गच्चीवर सराव करता येत नाही, त्यासाठी अधिकृत रेंजच हवी. काडतुसंही परवान्यातल्या मर्यादेतच मिळतात.

मी वाणिज्य शाखेची, तेव्हा थोडा हिशेबही मांडते. निर्भया प्रकरणानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आणलं. वजन ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा १ लाख २२ हजारांच्या घरात होती. हा फक्त आरंभीचा खर्च. पुढे काडतुसं, सराव, साफसफाई, कुलपाची पेटी, परवान्याचं नूतनीकरण, निवडणूक आली की ठाण्यात जमा करण्याची धावपळ. हे सगळं चालू खर्चात धरायचं नसेल तर ती खरेदी नुसतीच अडकलेली रक्कम आहे, आणि जोखीम वेगळीच.

आपल्याला खरी भीती कशाची? सकाळी मंदिरात जाताना गळ्यातलं ओढणाऱ्याची. मोटारसायकल क्षणात येते आणि क्षणात जाते. पर्सची चेन उघडेपर्यंत तो कोपऱ्यावर पोहोचलेला असतो. पर्सच ओढली तर रिव्हॉल्व्हर त्याच्याच हातात! शिवाय जिवाला धोका नसलेल्या साध्या चोरीसाठी कुणाचा जीव घेण्याचा हक्क भारतीय न्याय संहिता देत नाही. आपला धर्म तर मुळीच देत नाही. दोन तोळ्यांच्या साखळीसाठी कुणाच्या पोराला मारून पुढे कोणती सामायिक करणार आहात?

राहिला धाक. सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा विषय किती गाजला, आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले, हे आपण वाचलंच. कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांमुळे तिथल्या आयाबहिणी निर्धास्त झाल्या होत्या का? धाक बसला तो साध्या माणसांनाच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांच्या जिवाला खरा धोका आहे त्यांनी शस्त्र ठेवावं, पण व्रतासारखं पाळावं: नेमाने सराव, नेमाने सफाई, रिकामं करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि हात लावताना ते भरलेलंच आहे असं समजून. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे कायदेशीर जमा करून मोकळं व्हावं. त्या पैशात दाराला जाळीचा दुसरा दरवाजा, चांगलं कुलूप आणि जिन्यात दिवा बसतो. ११२ हा क्रमांक पाठ करा, दामिनी पथकाचा नंबर फोनमध्ये ठेवा, दागिने लॉकरमध्ये ठेवून मंदिरात साध्या पोतीने जा.

आणि आज संध्याकाळी यांना एवढंच विचारा: "आपलं ते कपाटातलं शेवटचं कधी उघडून पाहिलं होतं?" उत्तर आठवावं लागलं, तर निर्णय तिथेच झाला असं समजा.