घरोघरची यंत्रं : खेळता खेळता कॉम्प्युटर बंद पडतो तेव्हा



मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजलेले. आमच्या चाळीसगावच्या उन्हाचं वर्णन मी काय करावं? खानदेशातल्या लेकी-सुनांना ते ठाऊकच आहे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा आम्हीही काही गारव्यात नसतो. गच्चीवरच्या बिबड्या काढून मी नुकतीच खाली आले होते, तोच आतल्या खोलीतून चिरंजीवांचा आवाज आला, "आई, पुन्हा गेला!"

गेला म्हणजे कॉम्प्युटर. हा साधा टायपिंगचा कॉम्प्युटर नव्हे, मोठमोठे खेळ चालणारा, 'गेमिंग' म्हणतात तो. बारावीनंतर दोन लग्नसराया आमच्या मुलानं एका फोटोग्राफरकडे लाइट धरून, कॅमेऱ्याच्या बॅगा उचलून पैसे साठवले. थोडी भर आम्ही घातली. सुटे भाग आणून त्यानं स्वतः तो जोडला. त्याच्या कमाईची ही पहिली वस्तू. आणि तीच आता आठवड्यात सहा-सात वेळा बंद पडत होती. ना सूचना, ना आवाज. कुणी मेन स्विच बंद करावा तशी!

आमचे हे म्हणाले, "रात्रंदिवस खेळ! दुसरं काय होणार? विकून टाक म्हणावं." मीही तोंडसुख घेतलं, "ऊठसूट खेळत बसतोस, त्याचं हे फळ." एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तर त्यानं न उघडताच मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. खर्च अकरा हजार. पोरगा त्या रात्री अर्ध्या ताटावरून उठला. मला झोप लागेना. पैसे त्याच्या घामाचे होते आणि नेमकं काय बिघडलंय, हे आम्हा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

सकाळी मी दुधाच्या हिशेबाची वही घेतली आणि मागच्या पानावर रकाने आखले. किती वाजता बंद पडला? सुरू करून किती मिनिटं झाली होती? काय चाललं होतं? समोरचा पडदा उजळलेला राहिला की तोही गेला? लगेच पुन्हा सुरू झाला का? शेवटी एक प्रश्न आणखी लिहिला : गेल्या महिन्याभरात नवीन काय झालं?

मुलगा आधी हसला. पण चार दिवस त्यानं इमानानं नोंदी केल्या.

वही वाचली आणि चित्र स्पष्ट व्हायला लागलं. सकाळी गारव्यात तो एकदाही बंद पडला नव्हता. दुपारी खेळ लावला की वीस-पंचवीस मिनिटांत जायचा. लगेच सुरू केला तर पाच मिनिटांतच पुन्हा जायचा. अर्धा तास विश्रांती दिली की ठीक चालायचा. आता मला सांगा, मदरबोर्ड खरंच गेला असता, तर त्यानं सकाळ-दुपार पाहिली असती का? हे लक्षण उष्णतेचं होतं.

कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो काम करताना तापतो. त्याच्यावर धातूचा पातळ पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा बसवलेला असतो. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथवर पोचला की तो आधी आपला वेग कमी करतो, आणि तरीही ताप वाढला तर यंत्र सरळ बंद होतं. ही खोड नव्हे, जीव वाचवण्याची युक्ती आहे. पूर्वी काही प्रोसेसरांना ती येत नव्हती. २००१ साली झालेल्या एका जाहीर चाचणीत वरचा ठोकळा काढल्याबरोबर एएमडीचा ॲथलॉन धूर सोडून जळाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र मंदावला आणि वाचला.

आणि हेही लक्षात घ्या, पंखा काही थंड हवा तयार करत नाही. खोलीत असेल तीच हवा आत ओढतो. खोलीत ३० ऐवजी ४० अंश असतील, तर आतला ताप साधारण तेवढ्यानंच चढतो.

मग मी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वाचलं. "एप्रिलमध्ये दोन गोष्टी नव्या. १) मी नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. २) आईनं झाकण विणलं."

वाचून मी गारच झाले! रेडिओवर, टीव्हीवर, मिक्सरवर झाकण घालायची आपल्याला सवय. धूळ बसू नये म्हणून मी कौतुकानं क्रोशाचं झाकण विणून त्या कॅबिनेटवर घातलं होतं. गरम हवा बाहेर पडायची जाळी नेमकी वरच्या बाजूला. शिवाय ते कॅबिनेट टेबलाखाली, भिंतीला पाठ टेकवून, जमिनीवर ठेवलेलं. म्हणजे भर उन्हाळ्यात पोराला गोधडी पांघरून कोपऱ्यात बसवावं तसं!

मी ठरवलं, एका वेळी एकच बदल करायचा. भाजी बिघडली की आपण मीठ, तिखट, पाणी एकदमच वाढवत नाही. वाढवलं तर कशानं सुधारली ते कळत नाही. पहिल्या दिवशी फक्त झाकण काढलं आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. मुलानं तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावला. आधी खेळताना ९८ अंश दिसत होते, ते ९० झाले. दुसऱ्या दिवशी साफसफाई केली. पुढच्या जाळीवर कापसाच्या पेळूसारखा धुळीचा थर निघाला. त्यानंतर आकडा ७९ वर आला.

साफसफाईची रीत अशी. कॉम्प्युटर बंद करून प्लग भिंतीतून काढावा. कॅबिनेट मोकळ्या हवेत न्यावे. झाकण उघडल्यावर आधी कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सैल करावी आणि हातातल्या ब्लोअरने उडवावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो भरमसाट फिरून खराब होतो. ओले फडके अजिबात लावू नये. साफ झाल्यावर उघड्यानेच सुरू करून सगळे पंखे फिरतात का, ते लांबून पाहावे.

आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा "आई, गेला!" मी हातातलं लाटणं टाकून धावले. हे म्हणालेच, "पाहिलंत? मदरबोर्डच आहे." पण वहीत पाहिलं तर या वेळची नोंद वेगळी होती. आधी कॅबिनेट बंद पडे, पण समोरचा पडदा उजळलेला राहून 'नो सिग्नल' असं लिहून येई. आता पडदाही गेला होता आणि टेबलाखालचा यूपीएस ओरडत होता. म्हणजे हे दुसरंच दुखणं.

यूपीएस जुना, आधीच्या साध्या कॉम्प्युटरचा. त्यावर ६०० व्हीए असं लिहिलेलं. आपल्याला वाटतं ६०० वॉट. तसं नसतं. बारीक अक्षरात ३६० वॉट लिहिलं होतं. मग मी हिशेब मांडला. जुनं ग्राफिक्स कार्ड ७५ वॉटचं होतं, नवं आरटीएक्स ३०६० जातीचं, १७० वॉटचं. प्रोसेसर जोरात असताना ११७ पर्यंत. पंखे, बोर्ड, डिस्क मिळून पन्नास धरा, पडदा तीस. बेरीज झाली ३६७. त्यात कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो थोडी वीज उष्णतेत घालवतो. म्हणजे भिंतीतून चारशेच्या वरच ओढली जाते. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की यूपीएस बॅटरीवर जाई, आणि हा भार न पेलवून मान टाकी.

खात्रीसाठी तीन संध्याकाळी कॉम्प्युटर यूपीएसशिवाय, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला. एकदाही बंद पडला नाही. मग १,१०० व्हीएचा, ६६० वॉटचा यूपीएस घेतला. साडेपाच हजार गेले, पण अकरा हजारांचा मदरबोर्ड वाचला. आणि तो बदलून दुखणं गेलंच नसतं!

तुमच्या घरी असं झालं तर हे ताडून पाहा :

• वीस-तीस मिनिटांनी बंद, लगेच सुरू केल्यास आणखी लवकर बंद : उष्णता. धूळ, पंखे, ठेवण्याची जागा पाहा. यंत्र तीन-चार वर्षांचं असेल, तर प्रोसेसर आणि ठोकळा यांमधली पेस्ट वाळलेली असू शकते. ती जाणकाराकडून बदलून घ्या.

• पडद्यासकट सगळंच बंद : यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, सैल प्लग. बोर्ड गरम लागत असेल तर आधी तो बदला.

• यंत्र थंड असतानाही भारी खेळ सुरू होताच फक्त कॅबिनेट बंद : एसएमपीएस कमी ताकदीचा किंवा थकलेला. दुसरा लावून पाहायला सांगा.

• बंद पडण्याआधी निळा पडदा आणि त्यावर अक्षरं : हा प्रकार निराळा. मेमरी किंवा ड्रायव्हर तपासावा. त्या अक्षरांचा फोटो काढून ठेवा.

• विंडोजच्या नोंदींत 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं तर घाबरू नका. कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नाही, एवढंच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही.

आणि हे मात्र कधीही करू नका. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, ती जिवावर बेतू शकते. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर आधी वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासा. इस्त्री आणि कॉम्प्युटर एका बोर्डावर लावू नका. आणि कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका.

राहता राहिलं माझं तोंडसुख. ज्या दिवशी नवा यूपीएस बसला, त्या रात्री वाढताना मी मुलाला म्हटलं, "तुझ्या खेळानं नव्हे रे, माझ्या झाकणानं बिघडलं होतं. उगीच बोलले तुला." तो म्हणाला, "अर्धं झाकणानं, अर्धं माझ्या कार्डानं." आणि आणखी एक पोळी मागून घेतली. यांनी काही कबूल केलं नाही. पण परवा शेजारच्या वहिनींचा फ्रीज बंद पडला, तेव्हा हेच त्यांना सांगत होते, "मेकॅनिकला नंतर बोलवा. आधी वहीत लिहून काढा."

ते क्रोशाचं झाकण आता शिवणयंत्रावर आहे. तिथं त्याचा कुणाला त्रास नाही.

तुमच्या घरातलं एखादं यंत्र असंच कोड्यात टाकत असेल, तर लक्षणं नीट लिहून कळवा. पुढच्या वेळी मिक्सर जळका वास का सोडतो, ते पाहू.