रोज्याला सवलत आहे, ड्युटीला का नाही?

रमजानचे रोजे फर्ज आहेत, हे आता बहुतेक शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असते. पहाटे सहेरी, मग दिवसभर पाण्याचा थेंबही नाही आणि मगरिबच्या अजानला खजूर. या फर्जाच्या जोडीलाच धर्माने एक सवलत ठेवली आहे. तिच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. आजारी माणसाने, प्रवासात असलेल्याने रोजा सोडला तर चालतो. जितके रोजे सुटले तितके पुढे सवडीने भरून काढायचे. यालाच कजा म्हणतात. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही सवलत आहे. ज्याला रोजा कधीच झेपणार नाही, त्याने एकेका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचे. सवलत घेणारा कमी दर्जाचा मुसलमान ठरत नाही. शरीराचाही माणसावर हक्क असतो, ही शिकवण मशिदीतल्या बयानात दरवर्षी ऐकायला मिळते.

करोनाच्या काळात दोन रमजान सलग दवाखान्यांच्या धावपळीत गेले. २०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला, तोही कडक टाळेबंदीत. त्याच्या तोंडावर संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने स्पष्ट केले, की रोज्यामुळे अंगातली ताकद जाईल आणि रुग्णसेवेत कसूर होईल अशी भीती असेल, तर आरोग्य कर्मचाऱ्याला रोजा न धरण्याची मुभा आहे. म्हणजे रोज्याला सवलत मिळाली. ड्युटीला ती मिळाली नाही, आणि तिची कजा तर अजूनही कुणी भरून दिलेली नाही.

२०२१ चा रमजान १४ एप्रिलला सुरू झाला. त्याच दिवशी रात्री आठपासून राज्यात ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध आले. १८ एप्रिलला महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून किमान २२ रुग्ण दगावले. त्या रात्री राज्यातल्या प्रत्येक कोविड वॉर्डात ड्युटीवर असलेल्या माणसाची नजर सिलिंडरच्या काट्यावर गेली असेल. आपला साठा सकाळपर्यंत पुरेल का, हा प्रश्न डॉक्टरइतकाच सिलिंडर ओढून आणणाऱ्या वॉर्डबॉयलाही पडत होता.

उंब्रजसारख्या गावात ही लाट कशी आली असेल, हे गावाच्या जागेवरूनच कळते. तारळी आणि कृष्णेच्या संगमावरचे हे गाव पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. चाफळला जायचे तरी फाटा इथेच. मुंबईत माथाडी किंवा गिरणीच्या जमान्यापासून बस्तान बसवलेली या पट्ट्यातली कुटुंबे २०२० च्या मे महिन्यात याच रस्त्याने गावाकडे परतली. शाळांच्या खोल्यांत विलगीकरण झाले, सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली आणि आशाताई हातात ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. गंभीर रुग्णाला पुढे पाठवायचे तर कराडचे वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, मलकापूरचे कृष्णा हॉस्पिटल, नाहीतर सातारा. दुसऱ्या लाटेत पुढे पाठवायलाही जागा मिळेना. “इथं बेड नाही, दुसरीकडे बघा” हे वाक्य कुणाला तरी फोनवर उच्चारावे लागत होते. बहुतेक वेळा ते उच्चारणारा माणूस निर्णय घेणारा नसायचा. तो फक्त फोनजवळ बसलेला असायचा.

मनाचे खरे दुखणे इथून सुरू होते. जगभरातले मानसोपचारतज्ज्ञ त्याला नैतिक जखम म्हणतात. काय करायला हवे हे आपल्याला कळत होते आणि तेच करता आले नाही, याची ती सल असते. भीती कालांतराने ओसरते. ही सल मात्र नंतर वर येते. व्हिडिओ कॉलवर बापाचे शेवटचे दर्शन मुलाला घडवण्यासाठी हातात मोबाइल धरून उभी राहिलेली सिस्टर, मृतदेह प्लास्टिकमध्ये गुंडाळणारे ब्रदर, त्याच वॉर्डात झाडू-फडका करणाऱ्या मावशी, रिकामी १०८ घेऊन परतणारा चालक, यांच्यापैकी कुणीही ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ते म्हणतात, पित्त वाढलंय. डोकं ठणकतंय. झोप लागली तरी मॉनिटरचा आवाज ऐकू येतो. घरात पोरावर विनाकारण हात उगारला जातो. तंबाखूची पुडी दिवसाला एक होती, ती तीन होते. मेडिकलमधून पित्ताची गोळी घेऊन हा माणूस पुन्हा ड्युटीवर हजर होतो आणि हजेरीपटावर सगळे ठीक दिसते.

पीपीई किटमधल्या सहा तासांचेही तसेच. किट घातलेल्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही धर्माचा असो, तेवढा वेळ रोजाच घडत होता. पाणी प्यायचे नाही, लघवीला जायचे नाही, घाम पुसायचा नाही. बायकांना पाळीच्या दिवसांतही तेच. खऱ्या रोज्याला इफ्तारची वेळ मिनिटावर ठरलेली असते, वेळापत्रक भिंतीला लावलेले असते. या रोज्याची सुटका बदली माणूस आला तरच व्हायची. सुरुवातीच्या महिन्यांत कोविड ड्युटीनंतर विलगीकरणाचे काही दिवस तरी मिळत. पुढे रुग्ण वाढले, माणसे कमी पडली आणि तेही गेले.

घरी परतल्यावर काय, हा आणखी एक ताण. शेजारच्या सांगली जिल्ह्यात २३ मार्च २०२० रोजी इस्लामपूरच्या एकाच कुटुंबातील चौघांना करोना झाल्याचे निदान झाले. ते सौदी अरेबियाहून परतले होते. पाहता पाहता त्या नात्यागोत्यातले दोन डझन लोक बाधित निघाले. सारे मिरजेच्या सरकारी रुग्णालयात उपचार घेऊन बरे झाले. त्या वेळी या आजाराचा अनुभव कुणालाच नव्हता, औषध ठरलेले नव्हते, आणि तरीही मिरजेतल्या डॉक्टर-परिचारिकांनी ते वॉर्ड चालवले. बाहेर मात्र व्हॉट्सॲपवर त्या कुटुंबाच्या नावाने आणि धर्माच्या नावाने काय काय फिरत होते, ते लोक विसरले नसतील. पाठोपाठ दिल्लीच्या मरकजचे प्रकरण आले. त्यातल्या परदेशी तबलिगींवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याबद्दल सुनावलेही. तोवर अनेक मुस्लिम परिचारिका आणि लॅब टेक्निशियन यांनी दुहेरी नजरा झेलल्या होत्या. एक नजर ‘दवाखान्यातून आलेली’ म्हणून, दुसरी नावाकडे पाहून. पहिली नजर सगळ्यांच्याच वाट्याला आली. घरमालकाने खोली सोडायला सांगितली, नळावर बायका बाजूला सरकल्या, किराणावाल्याने पैसे काठीने ओढून घेतले. असले अनुभव शहरागावांत आरोग्य कर्मचाऱ्यांना आले, यात जातधर्माचा भेद नव्हता. रुग्णाच्या नातेवाइकांकडून मारहाण झाल्याच्या घटना तर इतक्या वाढल्या, की २२ एप्रिल २०२० ला केंद्राला अध्यादेश काढून अशा हल्ल्यांसाठी पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत झाल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवावी लागली.

कौतुकाला तोटा नव्हता. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, ५ एप्रिलला दिवे लागले, ३ मेला हवाई दलाने रुग्णालयांवर फुले उधळली. मनाला उभारी देणारे क्षण होते ते, त्यांना हसण्याचे कारण नाही. पण त्याच राज्यात पुढच्या वर्षी १५ जूनला आशाताईंना संपावर जावे लागले. दोन लाटा पायी तुडवलेल्या या बायकांच्या हाती त्यातून दरमहा हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता पडला. कंत्राटावर घेतलेल्या कोविड कर्मचाऱ्यांना लाट ओसरताच घरी बसवण्यात आले. वॉर्डातली स्वप्ने मात्र त्यांच्याबरोबर घरी गेली, आणि त्यांची दखल घेणारे कार्यालय मागे उरले नाही.

याच जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीची, सावित्रीबाईंची, आठवण अशा वेळी हमखास काढली जाते. पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुसलमानांच्या घरी रुफैदा अल-अस्लमिया यांचे नाव निघते. मदिनेत जखमींसाठी तंबू उभारणारी ती बाई. दोन्ही नावे आदराचीच. परंतु आपल्याला सेवेत संपून गेलेल्या माणसाची गोष्ट सांगायला आवडते. सेवा करून जिवंत राहिलेल्या माणसाचा रजेचा अर्ज वाचायचा कंटाळा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे एक लाख पंधरा हजार आरोग्य कर्मचारी करोनाने दगावले. उरलेले कोट्यवधी कामावर आहेत.

त्यांना काय उपयोगी पडते, याचे थोडे ज्ञान करोनाच्या आधीपासून होते. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा कॅनडातील टोरांटोच्या रुग्णालयांचा अभ्यास झाला. साथ संपून वर्ष-दोन वर्षे उलटली तरी सार्सचे रुग्ण पाहिलेल्या कर्मचाऱ्यांत थकवा आणि मानसिक त्रास इतरांपेक्षा जास्त आढळला, काहींनी तर रुग्णांशी येणारा संबंधच कमी करून घेतला. ज्यांना प्रशिक्षण आणि वरिष्ठांचा आधार पुरेसा वाटला होता, त्यांना त्रास कमी झाला. दुसरी गोष्ट अशी, की मोठ्या आघातानंतर सगळ्यांना एका सभागृहात बसवून एकदाच मन मोकळे करायला लावण्याचा फायदा होत नाही, हे संशोधनाने दाखवले आहे. आपल्याकडे मात्र नेमके तेच होते. एक शिबिर, एक पाहुणे, एक पुष्पगुच्छ, गट फोटो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. त्यापेक्षा ड्युटी लावणाऱ्या इनचार्ज सिस्टरने “जेवलीस का गं?” एवढे रोज विचारले तर त्याचा उपयोग अधिक. लागोपाठ रात्रपाळ्या न लावणे, नव्या मुलीला अनुभवी जोडीदार देणे, वॉर्डात मृत्यू झाल्यावर दहा मिनिटे चहाला सोडणे, साहेबांनीही अधूनमधून किट घालून आत येणे, यांना मानसोपचार म्हणत नाहीत. पण मन शाबूत राहते ते यांच्यावरच.

ज्याला यापुढची मदत लागते, त्याच्यासाठी सोय आहे, तिथपर्यंत जाण्याची वाट अवघड आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा रुग्णालयातून चालतो. आता उंब्रजच्या सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकेने साताऱ्याच्या मानसोपचार ओपीडीत जायचे म्हटले, तर केसपेपर काढणारा ओळखीचा, औषध देणारी बॅचमेट आणि बाकावर शेजारी बसलेला रुग्ण आपल्याच गावचा. ‘सिस्टरलाच वेड लागलंय’ ही बातमी तिच्या आधी एसटीने गावात पोहोचेल. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. त्या हक्काची अंमलबजावणी केसपेपरच्या खिडकीपासून व्हायला हवी. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा अशांना बरी पडते. ती चोवीस तास असते, मराठीत बोलता येते आणि कुणाच्या नजरेस पडावे लागत नाही. हा क्रमांक ओपीडीच्या भिंतीवर रुग्णांसाठी लावतात. तो कर्मचाऱ्यांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत, कडीजवळ लावला पाहिजे.

विदर्भ-मराठवाड्यात ‘प्रेरणा प्रकल्पा’त आशाताई शेतकऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या झोपेची, भुकेची, मनातल्या विचारांची चौकशी करतात आणि गरज वाटली तर त्याला पुढे पाठवतात. चांगले काम आहे. तीच चार प्रश्नांची चौकशी वर्षातून दोनदा आशाताईची आणि तिच्या सिस्टरची करायला किती खर्च येईल? रजा शिल्लक दाखवायची आणि माणूस नाही म्हणून नामंजूर करायची, हा खेळ थांबवायला तर जिल्हा परिषदेला पदे भरण्याशिवाय दुसरा उपाय नाही. गावानेही आपल्या वाट्याचे करावे. इफ्तारीला फळे, भजी, शीतपेये यांची ताटे मोहल्ल्यात फिरतात, मित्रमंडळींच्या इफ्तार पार्ट्यांना पुढारी येतात. त्यातले एक ताट रात्रपाळीच्या सिस्टरकडे, मावशींकडे आणि १०८ च्या चालकाकडे जावे, आणि ते देणाऱ्याने सेल्फी न घेता पाच मिनिटे तिथे बसावे.

कर्मचाऱ्यांनी आपल्यापुरती कजेची सोय मात्र कधीच लावून घेतली आहे. जिथे दोन्ही धर्मांची माणसे एका वॉर्डात आहेत, तिथे ईदच्या सकाळी हिंदू सिस्टर ड्युटी घेते आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुसलमान सिस्टर थांबते. रमजानात रोजेदाराची मगरिबची वेळ दुसरी कुणीतरी पंधरा मिनिटे सांभाळते, नवरात्रात उपासवालीची दुपार रोजेदार सांभाळते. कुणी कुणाची किती वेळ सांभाळली याचा हिशेब ड्युटी रजिस्टरच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेला असतो. ते पान तपासणीला मागितले जात नाही.